बोट टेकलं की

फोन त्याला उघडायचा नव्हताच. त्याला तो फक्त गप्प करायचा होता. अकरा वाजून गेले होते, समोर छापून आलेल्या फर्म्यांची, पुस्तकाच्या मोठ्या छापील तावांची, चळत, डाव्या हाताखाली अर्धी पडलेली घडी, उजव्या हातात घडी दाबायची हाडाची पट्टी, आणि एप्रनच्या खिशात मांडीला लागून ती थरथर. दोन बोटं आत सारायची, आवाज बंद करायचा आणि पुन्हा कामाला लागायचं, एवढाच बेत. पण नव्या फोनचं बटन बाजूला होतं, बोट ओळखायची सोय त्या बटनातच होती, आणि ती सोय भलतीच तत्पर होती. बोट टेकलं की नाही हे बोटाच्या मालकाला कळायच्या आत फोन सताड उघडा! रात्री अक्काशी बोलणं जिथं सोडलं होतं तेच पान समोर आलं आणि त्याच्या तळाशी तिचा ताजा निरोप. डोळ्यांचं एक वाईट असतं, समोर अक्षरं आली की ते परवानगी विचारत नाहीत. तो नको म्हणेपर्यंत निरोप वाचून झाला होता. ‘आज माझा फोन बोटच घेईना. घाबरले. मग त्यानं आकडे मागितले. टाकले, उघडला. तुझ्या जुन्या फोनला पण होते का रे असे आकडे?’

त्याने फोन झटकन पालथा घातला, तव्यावरून हात काढावा तसा. काही उपयोग नव्हता. तिकडे अक्काच्या फोनवर निरोपाखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या असणार आणि अक्का त्या बघत असणार. गेल्या वर्षभरात ती निळ्या खुणा बघायला शिकली होती. का शिकली, तेही त्याला ठाऊक होतं. वाचलं आणि उत्तर दिलं नाही, म्हणजे माणूस कामात असेल नाहीतर अडचणीत, असं तिचं सरळ गणित. दहा मिनिटं ती कामाची धरेल. पुढची अडचणीची. उत्तर एका शब्दाचं होतं. होते, किंवा नव्हते. त्याने पट्टी उचलली, कागदाची कड कडेला जुळवली, घडी दाबली, आणि ती तिरकी पडली. पंचवीस वर्षांत त्याची घडी तिरकी पडल्याचं कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. त्याने तो फर्मा हळूच चळतीच्या खाली सरकवला.

जुना फोन असता तर ही वेळच आली नसती. जुना फोन म्हणजे जुन्या दाराची कडी होती, हिसका द्या, ढकला, पुन्हा हिसका द्या. बोट टेकवायचं, फोन नाही म्हणायचा. बोट एप्रनला पुसायचं, फोन नाही म्हणायचा. फुंकर मारायची, ओलं करायचं, दुसरं बोट लावून बघायचं. बाकीचे वैतागायचे, तो वैतागल्याचं सोंग करायचा. खरं म्हणजे त्या तीन-चार खेपांत माणसाला आपली तयारी करता यायची. कुणाचा निरोप आहे हे वरच दिसायचं, काय असेल याचा अंदाज बांधता यायचा, चेहरा सावरता यायचा, आणि अंदाज फारच वाईट निघाला तर ‘जाऊ दे, नंतर बघू’ म्हणून फोन परत खिशात. आपण दार उघडत नाही असं नव्हे, दारच उघडत नाही! एवढी सभ्य सोय त्याला आयुष्यात दुसरीकडे कुठं मिळाली नव्हती. हा नवा फोन म्हणजे आगाऊ माणूस. कुणी हाक मारली की हा आतूनच ओरडतो, आहेत, घरातच आहेत.

दोष बोटांचा होता, हे मात्र खोटं नव्हतं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कुणाचीच बोटं धड नसतात. दिवसाला दोन-अडीच हजार घड्या घालायच्या, प्रत्येक घडीला कागद बोटावरून सरकणार, आणि कागद दिसायला मऊ असला तरी कातडीला कानस असतो. त्यात खळ. लावा, वाळवा, खरवडा. शनिवारपर्यंत बोटांच्या रेघा अशा पुसून जातात की हजेरीचं यंत्र माणसाला ओळख दाखवत नाही, म्हणून सगळा कारखाना करंगळीने हजेरी लावतो. आणि फोन घेतला की इथला प्रत्येक जण एक ठरलेली चूक करतो. सुट्टीच्या दिवशी निवांत बसून, साबणाने हात धुऊन, फोनमध्ये बोट नोंदवतो. सुट्टीच्या दिवशी कातडी जरा भरून आलेली असते, रेघा दिसत असतात, फोन खूश असतो. सोमवारी तो ओळखतो, मंगळवारी शंका घेतो, बुधवारपासून तुम्ही परके. त्यानेही तेच केलं होतं. या खेपेला कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याने डोळे वटारून सांगितलं, “शनिवारी संध्याकाळी नोंदव, हात न धुता. झिजलेलं बोट ओळखलं की बाकी सगळं ओळखतो.” त्याने ऐकलं, आणि आता पस्तावत होता.

त्या दिवशी, म्हणजे आई गेली त्या दिवशी, गुरुवार होता. चौदा महिने झाले. कारखान्यात मशीन चालू असलं की फोन ऐकू येत नाही आणि कामावर बोलणं मालकाला चालत नाही, म्हणून अक्काची आणि त्याची रीत ठरलेली होती. तिने निरोप टाकायचा, त्याने वाचून बाहेर जाऊन फोन करायचा. एक वाजून पाच मिनिटांनी खिशात थरथर झाली. पडद्यावर अक्काचं नाव, निरोप एक. आई आठ दिवस अंथरुणात होती आणि अक्का कधी जेवणाच्या वेळेला निरोप टाकत नसे. त्याला कळलं. सगळं कळलं. त्याने बोट टेकवलं, फोन नाही म्हणाला. पुसून टेकवलं, नाही म्हणाला. तिसऱ्यांदा पडद्यावर चार रिकामे गोल आले. बोट राहू दे, आकडे टाक. ते चार आकडे त्याला झोपेतसुद्धा आठवले असते. स्टँड कारखान्यापासून दहा मिनिटांवर, दीडची गाडी पाचला पोचवते, हेही त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने त्या चार गोलांकडे पाहिलं. पहिला आकडा टाकला, आणि पुसला. आणि फोन खिशात घालून तो पुन्हा घड्या घालायला लागला.

का, हे तो चौदा महिने स्वतःला विचारत होता, आणि स्वतःला उत्तर देण्यातही त्याची तीच टाळाटाळ चालायची. कामाची घाई होती, हे एक उत्तर. घाई होतीच, शाळेची वह्या-पुस्तकं दुसऱ्या दिवशी जायची होती. पण घाई मालकाला होती, आणि आईचं नाव काढल्यावर मालकानेच त्याला स्कूटरवर बसवून स्टँडवर सोडलं असतं. खरं उत्तर लहान आणि लाजिरवाणं होतं. त्याला भीती वाटली होती. आदल्या सुट्टीत तो जाऊन आला तेव्हा आईने त्याचा हात धरला होता आणि सोडला नव्हता. तिची बोटं हाडांवर कातडं चिकटवल्यासारखी झाली होती, आणि त्या हातात आपला हात असताना त्याला फक्त एवढंच वाटत होतं की सुटावा. मायेचा उमाळा वगैरे काही नाही, नुसतं सुटावं. तेच पुन्हा बघायचं, आणि या वेळी शेवटपर्यंत बघायचं, हे त्याच्याच्याने होईना. निरोप उघडला की जावं लागणार होतं. उघडलाच नाही तर जावं लागणार नव्हतं. लहानपणीही शाळेचा निकाल लागायचा तेव्हा तो कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीमागे उभा राहायचा आणि अक्का फलकावरचे आकडे बघून यायची. ती लांबूनच हात हलवायची, पास. एकदा तिने हात हलवला नाही. जवळ आली आणि म्हणाली, “गणितात गेलास, पण मी आईला सांगते, तू थांब इथंच.” तो थांबला होता. ती सांगून आली होती, मारही तिनेच अर्धा खाल्ला होता.

सात वाजता कारखान्याच्या ऑफिसातल्या फोनवर अक्काचा आवाज आला. तिने ‘आई गेली’ म्हणायच्या आत त्याच्या तोंडून निघालं, “अक्का, फोन उघडलाच नाही गं. खळीचे हात.” विचार करून बोललेलं खोटं पकडता येतं. हे तर आयतं तोंडात येऊन बसलेलं होतं. आणि अक्काने ते जसंच्या तसं घेतलं. नुसतं घेतलं नाही, पुढे दोन आठवडे भेटायला येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर मारलं. काका पुटपुटले, पोटचा मुलगा आणि शेवटच्या वेळी नाही, तर अक्का ताडकन म्हणाली, “त्याचं काम बघितलंय का तुम्ही? बोटांची सालपटं निघतात त्याच्या. फोन अंगठा घेत नाही त्याचा. त्यानं काय करायचं?” तो शेजारी बसून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. काकांनीही तो अंगठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. काय माणसाचं नशीब!

तिथपर्यंतही एक वेळ चाललं असतं. खोटं जिरतं, वर वर्षं साचली की त्याची माती होते. पण अक्काने त्या खोट्याची माती होऊ दिली नाही, तिने त्यात झाड लावलं. “माझंच चुकलं रे,” ती म्हणायला लागली. आधी रडताना म्हणायची, मग सहज बोलता बोलता. “तुझा फोन तसला आहे हे मला माहीत होतं. तेव्हाच एक धड फोन घेऊन दिला असता, तर तू आईला भेटला असतास.” तो म्हणायचा, “तुझं काय चुकलं त्यात?” ती म्हणायची, “माझंच.” आणि मागच्या महिन्यात तिने हा फोन आणून त्याच्या हातात ठेवला. दुकानदाराला चार-चारदा विचारून घेतला होता, झिजलेलं बोट घेईल ना? घट्टे पडलेलं घेईल ना? “बोट टेकलं की उघडतो,” ती म्हणाली. “आता अण्णांच्या वेळेला तुझं तसं नको व्हायला.” अण्णा, म्हणजे वडील, आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. त्यांना ऐकू गेलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती. त्याने फोन हातात घेतला तेव्हा त्याला वाटलं होतं, आत्ता सांगावं. मग अक्काने डब्यातून चार्जर काढून दाखवला, आणि ती वेळ गेली.

जुना फोन अण्णांना गाणी ऐकायला दिला. देण्याआधी तो एका दुकानात गेला आणि त्यातलं कुलूपच काढून टाकून आला. बोट नको, आकडे नकोत, कुणीही उघडावा. अण्णांना सोपं पडेल, असं तो दुकानदाराला म्हणाला. दुकानदाराने काही विचारलं नव्हतं.

“काय वस्ताद, झोप लागली का?” कटिंगवाल्याने हाक मारली. तो यंत्रासमोर उभा होता, दोन्ही हात दोन बटनांवर, कारण दोन्ही हात बटनांवर असल्याशिवाय सुरी खाली येत नाही. “फर्मे द्या की. सुरी उपाशी आहे.”

“देतो, देतो.”

“बायकोशी भांडण?”

“तुला काय करायचंय?”

“म्हणजे भांडणच.” सुरी खाली आली, कागदाचा तुकडा पडला, आणि तो समाधानाने हसला.

त्याने चळत पुढे सरकवली आणि फोन उलटा करून बघितला. बघितला म्हणजे उघडलाच. आता ते एकच झालं होतं. अकरा वाजून बत्तीस. वीस मिनिटं होऊन गेली. त्याने लिहिलं, ‘नव्हते. जुन्या फोनांना नसायचे.’ सोपं होतं. अक्का मानेल. अक्का त्याचं सगळंच मानते, तोच तर जाच होता. त्याने पुसलं. लिहिलं, ‘होते, पण.’ आणि पणच्या पुढे काय, ते सुचेना. पुसलं. ‘अक्का, संध्याकाळी बोलतो.’ हे बरं होतं. पण संध्याकाळी म्हटलं की ती दिवसभर विचार करणार, काय बोलायचंय एवढं, आणि शिवणयंत्रावर बसून तिला विचार करायला वेळच वेळ. टाक्यामागून टाका घालत ती एकदा का त्या प्रश्नाच्या टोकाला पोचली की? आकडे सगळ्यांना असतात, तर त्याच्याही फोनला असणार. असणार, तर त्याने टाकले का नाहीत? दोनच टाक्यांचं अंतर होतं. ती आत्ता, या क्षणी, त्यातला एक टाका घालून थांबली असेल. तेवढ्यात हातातच फोन थरथरला. ‘काय लिहितोयस एवढं? मघापासून लिहितोय, लिहितोय दिसतंय.’

म्हणजे ती बघत होती. त्याचं लिहिणं आणि पुसणं, सगळं तिकडे दिसत होतं, शब्द सोडून. त्याला एकदम उघड्यावर आणून उभं केल्यासारखं झालं. पाण्याची टाकी नाही, कोपरा नाही, काही नाही. आणि मग अक्काचा फोनच आला. त्या गुरुवारचा ऑफिसातला फोन सोडला, तर या कारखान्यात, कामाच्या वेळी, तिने आजवर फोन केला नव्हता. त्याने मालकाच्या काचेकडे पाहिलं, मालक पाठमोरा होता. तो कागदाच्या खोलीत शिरला आणि दार लोटलं. कोऱ्या कागदाचा थंड, किंचित आंबूस वास. रिमांमधल्या बोळात एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा होती.

“आहेस का जिवंत?” अक्का म्हणाली.

“आहे ना. काम होतं.”

“वाचलंस नि गप्प बसलास. मला वाटलं, ह्याचाही फोन रुसला. अरे, सकाळी सुई लागली मला बोटात, चांगली आरपार. पट्टी बांधली, तर फोन ओळखच देईना. रडकुंडीला आले बघ. म्हटलं, आत्ता अण्णांना काही झालं तर कुणाला कळवू मी? आणि मग तुझी आठवण झाली. त्या दिवशी तुझं असंच झालं असेल ना रे? जीव नुसता वरखाली.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मग आकडे आले वर. माझ्या ध्यानातच नव्हते. दुकानात गेले तर तो म्हणतो, बाई, सगळ्याच फोनना असतात, जुन्यांनाही असतात, बोट नाही चाललं तर आकडे. मी म्हटलं, काहीतरी सांगू नका, माझ्या भावाच्या फोनला नव्हते. तर हसायला लागला मेला.” ती थांबली. “नव्हते ना?”

नव्हते. जीभ टाळ्याला लावायची आणि सोडायची. तिने शब्दसुद्धा त्याच्यासाठी उच्चारून ठेवला होता, फक्त परत करायचा होता. पण ती त्या दुकानातही त्याच्यासाठी भांडून आली होती. बोटाला पट्टी बांधून, लोकांचं हसू अंगावर घेऊन. उद्या ती आणखी कुणाशी भांडेल. आणि प्रत्येक भांडणानंतर घरी येऊन स्वतःलाच दोष देईल. हे ती मरेपर्यंत करेल. त्याला एकाएकी तिची इतकी कीव आली, आणि स्वतःची इतकी शिसारी, की त्याने रिमांच्या कडेला हात टेकला.

“होते,” तो म्हणाला.

“काय?”

“आकडे होते, अक्का. जुन्या फोनला.”

“हां,” ती म्हणाली. मग घाईघाईने, “मग तुला ऐनवेळी आठवले नसतील. घाबरला की माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरतो. मी नाही का आज...”

“आठवत होते.”

त्याने दार नीट लागलंय का ते पाहिलं.

“आठवत होते, अक्का. मी टाकले नाहीत. तुझा निरोप आलेला कळलं होतं मला. काय असेल तेही कळलं होतं. मला यायचं नव्हतं. भीती वाटली. म्हणून नाही उघडला.” एका दमात बोलून झालं, आणि त्याला वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. बाहेर सुरी खाली येत होती, वर जात होती.

“किती आकडे?” अक्काने विचारलं.

“चार.”

“चार,” ती म्हणाली.

मागे अण्णा काहीतरी विचारत होते. कोण आहे गं? “गिऱ्हाईक आहे,” अक्काने त्यांना सांगितलं. तो वाट बघत होता. तिने बोलावं, शिव्या द्याव्यात, काकांना सांगेन म्हणावं, फोन परत कर म्हणावं.

“मी तुला सांगितलं होतं,” ती अखेर म्हणाली, “की निरोप टाकला आणि लगेच, दीडलाच, आईची शुद्ध गेली. तू आला असतास तरी तिला कळलं नसतं, असं.”

“हो.”

“तुला जन्मभर लागून राहिलं असतं, म्हणून सांगितलं. सव्वासहापर्यंत ती शुद्धीवर होती. चांगली बोलत होती. तेव्हा मला त्या खुणाबिणा काही बघता येत नव्हत्या. मला वाटलं, वाचलं असशील, निघाला असशील. तिलाही तसंच सांगितलं, दीडच्या गाडीनं निघालाय म्हणून. पाच वाजता तिनं मला उशी दुसऱ्या बाजूला घ्यायला लावली. दार दिसावं म्हणून.”

कागदाची धार तळव्यात रुतत होती आणि तो आणखी दाबत होता.

“अण्णांना यातलं काही बोलू नकोस,” अक्का म्हणाली. “उद्या अकराला दवाखान्यात नंबर आहे त्यांच्या तपासणीचा.”

“अक्का, मी आत्ता येतो. आत्ता निघतो. मालकाला सांगतो, दीडची गाडी मिळेल मला. पाचला पोचतो.”

“आता कसली घाई आहे,” अक्का म्हणाली. “सकाळच्या पहिल्या गाडीनं ये.”

आवाजात राग नव्हता. तो कितीतरी वेळ, फोन बंद झाल्यावरसुद्धा, त्यात राग शोधत राहिला. त्याला तो सापडला नाही.